फॅन बेल्ट घरीच बदलला : बेल्ट, नाशिकमधल्या द्वारकेचं दुकान आणि अंबडचा लेथवाला, तिघांचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, बेल्ट चांगला, दुकान त्याहून चांगलं, पार्किंग शून्य. आणि या सगळ्या कामात खरी गोम बेल्टमध्ये नव्हतीच, ती होती पुलीतल्या, म्हणजे बेल्ट ज्यावर फिरतो त्या चाकातल्या, दोनशे रुपयांच्या आतल्या बेअरिंगमध्ये, ज्याच्याबद्दल गॅरेजमध्ये कोणी चकार शब्द काढला नव्हता. त्यावर खाली सविस्तर लिहितोच.

गाडी आपली साधी पेट्रोल हॅचबॅक, दहा वर्षं उलटलेली. मॉडेल मुद्दाम टाकत नाही कारण मग लोक तोच बेल्ट नंबर सांगून ऑनलाइन मागवतात आणि एकाच मॉडेलला इंजिन बदललं, साल बदललं की बेल्टची लांबी बदलते, मग रिटर्न करत बसा. माझ्या गाडीत दोन बेल्ट आहेत, आतला इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो, बाहेरचा फक्त एसीचा कॉम्प्रेसर. आतला काढायचा तर बाहेरचा आधी काढावाच लागतो, त्यामुळे एक बदलताना दुसराही बदलून टाकावा हे साधं गणित आहे.

त्रास काय होता तर थंडीत सकाळी गाडी चालू केली की चीं चीं चीं. निफाडचा पारा खाली गेला की इकडे नाशकातही सकाळी सगळं दवाने ओलं असतं, त्यात बेल्ट किंचाळायचा, जरा गरम झाला की गप्प. नंतर नंतर एसी लावला की पण किंचाळायला लागला, रात्री हेडलाइट आणि ब्लोअर एकदम चालू केलं की पण. सोसायटीतल्या काकूंनी एकदा गॅलरीतून विचारलं की गाडीत मांजर बसलंय का बघ जरा. त्यात सध्या सिंहस्थ २०२७ च्या कामांसाठी जागोजागी रस्ते खोदलेत, बोनेट उघडलं की बोटभर धूळ, ती पण बेल्टच्या खाचांत जाऊन बसते आणि घासकागदासारखं काम करते.

इंदिरानगर साइडच्या एका गॅरेजमध्ये दाखवली तर दोन्ही बेल्ट मजुरीसकट अडीच हजार सांगितले. रेट महाग आहे असं मी म्हणत नाही, त्यांचंही पोट आहे. पण पुली बघाल का विचारलं तर उत्तर काय, "बेल्ट टाकला की आवाज जाईल साहेब." न बघता असं बोलणाऱ्याकडे गाडी सोडायची इच्छा होईना. भाचा सातपूर आयटीआयला मोटर मेकॅनिक करतोय, तो म्हणाला मामा एवढंसं काम आहे, पार्किंगमध्ये करू, मला पण हात साफ करायला मिळेल. म्हटलं चल.

काढायच्या आधी त्याने एक टेस्ट केली ती मला जाम आवडली आणि फुकट आहे म्हणून लिहितो. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडंसं साधं पाणी मारायचं, लांबून, बाही-ओढणी-हात सगळं लांब ठेवून. पाणी पडल्यावर आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ढिला आहे किंवा झिजलाय. पाणी पडल्यावर आवाज गेला आणि काही सेकंदांनी परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, कुठलीतरी तिरकी झालीय. आमच्याकडे गंमत अशी की एसीच्या बेल्टवर मारलं की आवाज जायचा आणि परत यायचा, आतल्या बेल्टवर मारलं की वाढायचा. म्हणजे दोन बेल्ट, दोन वेगळे आजार. भाचा लगेच म्हणाला, एसीची टेन्शन पुली, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी, बघावी लागेल.

मग इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॅटरीचा मायनस काढला (हे टाळू नका, अल्टरनेटरच्या मागे थेट बॅटरीची वायर आलेली असते, पाना लागला तर ठिणगी नाही फटाका उडतो), पुढचं उजवं चाक जॅकवर घेऊन खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावली, नुसत्या जॅकच्या भरवशावर आत हात घालायचा नाही, चाक काढलं, आतलं प्लास्टिक कव्हर काढलं. त्या कव्हरच्या क्लिपा दहा वर्षांच्या उन्हाने बिस्किट झालेल्या असतात, चार काढल्या की दोन तुटणारच, आधीच चार-पाच नवीन आणून ठेवा, दहा-पंधरा रुपयांना एक मिळते. बेल्ट कुठून कसा जातो त्याचे फोटो काढले. एसीच्या टेन्शन पुलीचा मधला नट सैल केला, मग वरचा लांब बोल्ट फिरवून पुली खाली आणली की बेल्ट आपोआप हातात. आतल्यासाठी अल्टरनेटरचा खालचा मोठा बोल्ट आणि वरच्या पट्टीतला बोल्ट दोन्ही सैल केले, अल्टरनेटर इंजिनकडे ढकलला, झालं. खालचा बोल्ट मात्र गंजलेला होता, गंजाचा स्प्रे मारून चहा पिऊन आल्यावर सुटला.

जुने बेल्ट हातात घेऊन बघितले तर एसीच्या बेल्टची एका बाजूची कड दोरे निघेपर्यंत खाल्लेली, आणि आतला बेल्ट वरून एकदम चांगला दिसत होता, एक भेग नाही. इथेच माणूस फसतो. पूर्वीचे निओप्रीन रबराचे बेल्ट म्हातारे झाले की त्यांना आडव्या भेगा पडायच्या, इंचाला तीनेक भेगा दिसल्या की बदला असा हिशोब होता. आताचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात, त्यांना भेगा लवकर पडतच नाहीत, ते टायरसारखे झिजतात. खाच रुंद आणि खोल होत जाते, बेल्ट पुलीत खाली खाली बसतो, रिबच्या (बेल्टवरच्या लांब उभ्या धारा) बाजूची पकड जाते आणि मग घसरतो. नवा बेल्ट शेजारी धरल्याशिवाय डोळ्याला कळत पण नाही. त्यामुळे "भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला" असं कोणी सांगितलं तर मान हलवा आणि पुढे चला.

आता दुकान. गाडी उघडी पडलेली म्हणून भाच्याला घेऊन अ‍ॅक्टिव्हा काढली, जुने दोन्ही बेल्ट आणि ती टेन्शन पुली पिशवीत घातली आणि द्वारका. द्वारका ते सारडा सर्कल पट्ट्यात स्पेअरची दुकानं आहेत, त्यातलंच एक जुनं, अरुंद, आत छतापर्यंत डबे. नाव टाकत नाही, दुकानदार काकांना मी विचारलं तर म्हणाले "नको रे बाबा, आहे ती गर्दी आवरत नाही." चारचाकी घेऊन तिकडे जाऊच नका, द्वारका सर्कलचं ट्रॅफिक सगळ्या नाशिकला माहितीय आणि दुकानासमोर सायकल लावायला जागा नाही.

मी नुसता बेल्ट मागितला तर काकांनी आधी पिशवीच मागितली. बेल्टच्या पाठीवरचा नंबर निम्मा पुसलेला होता, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून उजेडात धरला, मग आतून लाकडी पट्टी काढून रुंदी मोजली, रिब मोजल्या आणि म्हणाले "हा चार पीके". ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नंबर वाचायला सोपा असतो, समजा ४पीके ८८० लिहिलंय तर ४ म्हणजे चार रिब, पीके म्हणजे खाचेचा प्रकार, आणि ८८० म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. पीकेमध्ये एका रिबपासून दुसऱ्या रिबचं अंतर ३.५६ मिमी असतं, म्हणजे चार रिबचा बेल्ट सव्वाचौदा मिमीच्या आसपास रुंद, पाचचा पावणेअठराच्या आसपास, सहाचा साधारण साडेएकवीस. घरी पट्टी लावून बघता येतं. लांबी मात्र जुना बेल्ट मोजून धरू नका, नंबर किंवा गाडीच्या पार्ट कॅटलॉगवरून घ्या. काकांनी तेच केलं, नंबरचे उरलेले आकडे आणि कॅटलॉग जुळवून बघितला.

मग प्रश्न. "आवाज एसी लावल्यावर का नुसता?" "सकाळचा का दिवसभर?" "पुलीत आवाज आहे का, फिरवून बघितली?" मी पुली पुढे केली. त्यांनी आतल्या भोकात बोट घालून कानाजवळ धरून फिरवली आणि न बोलता माझ्या हातात दिली. खरखर हाताला लागत होती, वर बाजूने हलवली की किंचित डुलत पण होती. "नवीन बेल्ट घालून याच पुलीवर चढवलास ना, तर होळीपर्यंत परत येशील माझ्याकडे. मला काय, मी परत विकीन." हा माणूस मला पटला तो इथे.

कारण बघा, तिरकी डुलणारी पुली बेल्टला दर फेरीला एका बाजूला ढकलते, म्हणून तर कड खाल्ली गेली होती आणि म्हणूनच पाणी मारल्यावर आवाज जाऊन परत येत होता. बेल्ट बदलून आवाज गेला असता, नवं रबर आहे, काही महिने शांत राहिलं असतं, मग परत तेच. लोक म्हणतात अमुक ब्रँडचा बेल्ट टिकत नाही, तमुकचा टिकतो, आणि पुलीकडे बघतच नाहीत. बेल्ट मरत नाही, त्याला मारलं जातं, असं काका म्हणाले.

ब्रँडचं म्हणाल तर त्यांच्याकडे फेनर, कॉन्टिटेक, गेट्स आणि गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, असे चार पर्याय होते. गाडीवाली कंपनी बेल्ट स्वतः बनवत नसते, बेल्ट बनवणाऱ्यांकडूनच घेऊन आपल्या डब्यात घालते, त्यामुळे नुसत्या डब्याच्या रंगाला जास्त पैसे द्यायचे का हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दोन्ही फेनरचे घेतले, जेके फेनर म्हणजे मदुराईवाली कंपनी, कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा नाव माहीत असतं. नागपूरच्या पिक्सबद्दल पण विचारलं, म्हटलं आपल्या महाराष्ट्रातली कंपनी आहे, पण माझ्या साइजचा त्या दिवशी नव्हता. दोन्ही बेल्ट मिळून नऊशेच्या आत बसले, बिल छापील दिलं, न मागता. एक बिननावाचा बेल्ट पण त्यांनी खाली ठेवलेला दाखवला, अर्ध्या किमतीचा, टॅक्सीवाले मागतात म्हणून ठेवतो म्हणाले. अंगठ्याने घासला तर वरची छपाई बोटाला आली आणि रिबच्या कडेला साच्याचं जास्तीचं रबर लोंबत होतं. तो घेऊ नका एवढंच.

भाच्याने मधेच बेल्टवर मारायचा स्प्रे मागितला, तो चिकट वाला. काका भडकले. "तो या बेल्टला नसतो रे, जुन्या व्ही बेल्टचं औषध ते. यावर मारलास की धूळ धरून बसेल आणि पुलीच्या खाचा भरतील. आयटीआयमध्ये काय शिकवतात तुम्हाला?" भाचा गप. पण खरं आहे ते, आवाज बंद करायला स्प्रे मारणं म्हणजे आजार लपवणं.

पूर्ण पुली असेंब्ली त्यांच्याकडे शिल्लक नव्हती, चार दिवसांनी येईल म्हणाले आणि किंमत साडेसहाशे. पण पुलीचं लोखंड चांगलं आहे, खाच झिजलेली नाही, नुसतं बेअरिंग बदलून घे असा सल्ला दिला. बेअरिंग ६२०३ निघालं, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं, म्हणजे नंबरपुढे २आरएस. १७ मिमी भोक, ४० मिमी बाहेरून, १२ मिमी जाड, ही जगात सगळीकडे मिळणारी साइज आहे, मिक्सर-मोटारवाल्यांकडे पण मिळेल. सील बघूनच घ्या, पत्र्याच्या झाकणाचं घेतलंत तर आपल्याकडच्या पावसात आणि धुळीत टिकणार नाही.

नाशिकमध्ये राहायचा फायदा असा की असल्या कामाला माणूस शोधावा लागत नाही. सातपूर, अंबडला गल्लीगल्लीत लेथ. अंबडला ओळखीच्या एकाकडे गेलो, मोठ्या कंपन्यांचे जॉब करतो पण असली चिल्लर कामं पण हसत घेतो. सर्क्लिप (बेअरिंग अडवून धरणारी रिंग) काढली, प्रेसवर जुनं बेअरिंग ढकलून बाहेर, नवं आत. घरी हातोडीने ठोकून बसवायचा मोह होतो, करू नका. बेअरिंग पुलीत बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर आला पाहिजे, आतल्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणायला लागतं. त्याने जुन्या बेअरिंगचीच बाहेरची रिंग ठोकळा म्हणून वापरली, वर पुली फिरवून डायल लावून बघितली, सरळ आहे म्हणाला. शंभर रुपये. भाच्याला मशीनजवळ उभं करून समजावून सांगितलं त्याचे पैसे वेगळे धरले तर फुकटच झालं. इथे पूर्ण मार्क.

बसवणं काढण्यापेक्षा जास्त वेळखाऊ, पण अवघड नाही. बाकीच्या पुल्या पण हाताने फिरवून बघितल्या, अल्टरनेटर गुळगुळीत, पाण्याच्या पंपाला हलवून बघितलं, खेळ नाही, खाली पाण्याचा ओघळ नाही. खाचा दात घासायच्या जुन्या ब्रशने कोरड्या साफ केल्या, पेट्रोल-ऑइल काही लावलं नाही. आतला बेल्ट आधी, मग बाहेरचा. रिब नीट खाचेत बसल्यात का हे दिसतं तेवढं डोळ्यांनी आणि न दिसणाऱ्या पुलीवर बोट फिरवून बघायचं, एक रिब बाहेर राहिली तर इंजिन चालू केल्यावर काही मिनिटांत बेल्ट फाटतो. भाचा मोबाइलचा टॉर्च धरून, "मामा, क्रॅंकच्या पुलीवर बघा परत", असं प्रत्येक पुलीला. क्रॅंक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा.

ताण हा खरा विषय. ढिला ठेवला तर घसरणार, कडक केला तर अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खाणार, आणि पंप बदलायचा खर्च बेल्टच्या कितीतरी पट आहे. बहुतेक मॅन्युअलमध्ये दोन पुल्यांच्या मधोमध साधारण दहा किलोच्या जोराने दाबल्यावर बेल्ट किती मिमी दबला पाहिजे ते लिहिलेलं असतं, नव्या बेल्टला आकडा वेगळा, वापरलेल्याला वेगळा. तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा, माझा आकडा वापरू नका. अल्टरनेटर ताणताना टॉमी (लोखंडी पहार) त्याच्या ब्रॅकेटच्या भक्कम भागावर लावायची, अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीदार बॉडीवर नाही, ती तडकते. आधी लाकडाचा ठोकळा मधे घातला. बोल्ट आवळल्यावर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, क्रॅंकच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन त्याच्या फिरायच्या दिशेने हाताने दोन फेऱ्या फिरवलं, परत ताण बघितला. मग बॅटरी जोडून पाच मिनिटं चालू, बंद, परत बघितला, बाहेरचा थोडा सैल पडला होता, नवा बेल्ट बसतोच, तो आवळला. पुढे थोडं फिरल्यावर परत एकदा बघायला सांगितलंय काकांनी, तेवढं केलं की विषय संपला.

आता सकाळी चावी फिरवली की नुसतं इंजिन ऐकू येतं. मल्टिमीटर बॅटरीवर लावला तर इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं चालू असताना १४ व्होल्टच्या वर, आधी याच परिस्थितीत १३ च्या जवळ उतरत होता आणि मी बॅटरीला शिव्या देत होतो. नवी बॅटरी घ्यायच्या बेतात असाल तर आधी बेल्ट बघा राव, पाच हजार वाचतील.

आणि हे आत्ताच का करून टाकलं तर महिन्यातून एकदा तरी मुंबईला जाणं असतं, कसारा घाटात आतला बेल्ट तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि पाण्याचा पंप बंद पडतो, तसंच रेटत नेलं तर टेम्परेचरचा काटा वर आणि हेड गॅस्केटचा खर्च डोक्यावर. लाल दिवा आणि काटा दोन्ही एकदम दिसले तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ वगैरे नाही.

सगळ्यांनी घरी करावं का? नाही. काही नव्या गाड्यांत टेन्शनरच नसतो, ताणला जाणारा बेल्ट असतो, तो खास टूलशिवाय चढत नाही, स्क्रू ड्रायव्हरने उचकटून चढवला की आतले दोरे दुखावतात. काही गाड्यांत इंजिनचा एक माउंट काढल्याशिवाय बेल्ट बाहेर येत नाही, त्या पण गॅरेजलाच द्या. आणि टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करणारा) हा पूर्ण वेगळा प्रकार, तो एक दात चुकला तरी बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात, त्याला हात लावू नका. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगवाल्यांना तिसरा बेल्ट किंवा एकच लांब बेल्ट असतो, तो लांब असेल तर बोनेटखाली बेल्ट कुठून जातो त्याचा स्टिकर आहे का बघा, नसेल तर फोटो दोन-तीन बाजूंनी काढा.

मार्क द्यायचे तर बेल्टला साडेचार, अर्धा राखून ठेवलाय कारण पावसाळा अजून बघायचाय. लेथवाल्याला पाच. दुकानाला चार, ज्ञानाला पाच दिले असते पण ऑनलाइन पेमेंट घेत नाहीत, रोखच लागते, आणि दुपारी जेवायला शटर अर्धं खाली असतं तेव्हा आवाज द्यावा लागतो. जुना बेल्ट मात्र घरी घेऊन या, दुकानात सोडू नका. काका म्हणतात कड चांगली असेल तर डिकीत ठेव, अडीअडचणीला घाट उतरायला होतो. माझा एसीचा ठेवण्यासारखा नव्हता, आतला ठेवलाय, टूल किटच्या पिशवीत, आणि सोबत पुलीचा नट सुटेल असा पाना.